उजवी खुर्ची

सोमवार, ३ जून
आले एकदाची! मावशीने खोली इतकी नीट लावून ठेवली होती की बॅग उघडून पसारा करायची मलाच लाज वाटली. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, कपाटात माझ्यासाठी मोकळे केलेले खण. छापखान्यातली मुद्रितशोधनाची नोकरी उद्यापासून, तीही फक्त सकाळची. जेवताना काका म्हणाले, चुका काढायचा पगार मिळतो हे आधी कळलं असतं तर तुझ्या मावशीलाच चिकटवलं असतं तिथे. मावशीने त्यांच्यापुढची वाटीच उचलून नेली.

बाबांनी मला आणि धाकटीला कितीतरी वर्षं घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. विचारलं की उत्तर द्यायचं, आणि एकदा हो म्हटलं की हो, हा त्यांचा पहिला धडा. मावशी तो काकांना कौतुकाने सांगत होती. काका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

बुधवार, ५ जून
आज काकांचं 'विमान' पाहिलं. ते निवृत्त वैमानिक. मागच्या खोलीत फळीवर स्क्रूने आवळलेल्या गाडीच्या दोन जुन्या सीटा, पायाशी पेडल, प्रत्येक सीटसमोर एक जॉयस्टिक आणि खुंटीवर दोन हेडसेट. बाकी पोपडे आलेली भिंत. पण हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि भिंत गेली! काचेबाहेर ढग, समोर लुकलुकणारी घड्याळं. मी घाबरून सीट घट्ट धरली. काका म्हणाले, पोटात ढवळलं तर बादली डाव्या हाताला आहे, फक्त ती तुला दिसणार नाही, तेव्हा नेम धरून. आम्ही दोघं खूप हसलो. मावशी दारात हात पुसत उभी होती. ती हसली नाही.

शनिवार, ८ जून
रोज दुपारी चहानंतर मी उजव्या खुर्चीत. काकांनी एक नियम शिकवला. वैमानिक जॉयस्टिक अशीच सोडत नाही. आधी म्हणायचं, 'कंट्रोल तुझ्याकडे.' दुसऱ्याने ती धरून म्हणायचं, 'कंट्रोल माझ्याकडे.' हे उत्तर ऐकल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही, मग काही होवो. मला हा नियम फार आवडला. बाबांनाही आवडला असता.

एक मात्र कळत नाही. हेडसेट घातला की आपण हवेतच असतो. उड्डाण कधी केलं, उतरणार कधी? काकांना विचारलं तर म्हणाले, खाली जमीन दिसली की सांग हं, मीही शोधतोय.

मंगळवार, ११ जून
आज काका अचानक म्हणाले, 'कंट्रोल तुझ्याकडे.' मी सवयीने जॉयस्टिक धरली आणि उत्तर दिलं. त्यांनी हात काढला, हेडसेट काढला आणि खोलीबाहेर गेले. मी विमान सरळ नेत राहिले. मागे कुणीतरी खोकलं. मला वाटलं मावशी असेल.

काका परतेनात तेव्हा हेडसेट काढला. मागे कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत काका सोफ्यावर हातपाय पसरून घोरत होते. मावशी शेजारी बसून डोळे टिपत होती. म्हणाली, कित्येक वर्षांनी पाठ टेकून झोपलेत गं.

बुधवार, १२ जून
छापखान्यात पेन्सिल खाली ठेवली आणि टेबल कललं. चहा कपाच्या एका काठाला चढला. शेजारचा अक्षरजुळणी करणारा खुशाल वाचत होता. मी घाबरून मूठ वळली, जॉयस्टिक धरतात तशी. टेबल सरळ झालं. मूठ सोडली, पुन्हा कललं.

मूठ वळूनच घरी आले.

गुरुवार, १३ जून
हेडसेट घालून आज पहिल्यांदा मान मागे वळवली. कॉकपिटचं दार उघडं होतं. रांगाच रांगा. पट्टे बांधून बसलेली माणसं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईने विणकाम थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि हायसं वाटल्यासारखी हसली.

काकांना म्हटलं, कंट्रोल तुमच्याकडे. पुन्हा पुन्हा म्हटलं. रडले. ते झाडांना पाणी घालायला निघून गेले. जाताना शीळ घालत होते.

मावशीने मात्र सांगितलं. माझ्याकडे न बघता. काकांनाही ते कंट्रोल असंच कुणीतरी दिलं होतं. आधी खूप जणांना बसवून पाहिलं, पण लोक हसतात, नाहीतर भलतंच काहीतरी बोलतात. मनापासून उत्तर देणारं कुणी मिळेना. म्हणाली, तू शब्दाची पक्की, म्हणून तुला बोलावलं.

शनिवार, १५ जून
वायर उपटली. हेडसेट काळा. तरी ढग दिसतातच – आता तो न घालताही –

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर घाणेरडं येतंय. उजवा हात जॉयस्टिकवर. नोकरीवर गेले नाही. जमीन नाही. खाली नुसते ढग, आणि त्यांच्याखाली ढग. सोडून दिलं तर? काल डुलकी लागली. मागे सगळे एकदम किंचाळले.

सोमवार, १७ जून
म्हातारी विणतेय. कधी पोचणार, विचारत नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे. हेच –

बोटं वळत नाहीत. मावशी भरवते. म्हणाली, काळजी करू नकोस, मी धाकटीला फोन केलाय. ताईला बरं नाही, ये म्हटलं.

नको म्हणाले. ओरडले. मावशीने माझं तोंड पुसलं आणि गेली.

मंगळवार
धाकटी आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून बसलीय. काय लिहितेस म्हणते. तीही त्याच टेबलाशी शिकलेली – विचारलं की उत्तर देणार –

मी 'कंट्रोल तुझ्याकडे' म्हणणार नाही. लिहीत राहायचं, म्हणजे तोंड बंद राहील. हात सुटत चाललाय. विमान कलतंय. सगळे कलताहेत. म्हातारीचा लोकरीचा गुंडा घरंगळत माझ्या पायाशी –

मावशी धाकटीला सांगतेय, तिच्या शेजारी बस, तिला बरं वाटेल. खुंटीवरचा हेडसेट काढून देतेय. काकांनी तिलाही तोच विनोद सांगितलाय, धाकटी हसतेय. ताई, बादली कुठंय म्हणते –

बोलायचं नाही. बोलायचं नाही. पण हे सगळे – एवढी माणसं – माझा हात –

तिने जॉयस्टिक धरली. माझ्याकडे बघतेय. मी तोंड उघड