काच कोणी फोडली

लिहून ठेवतो मी, फ्रेमवाला, वय वर्षे एकाहत्तर. डॉक्टरांनी सहा महिने दिलेत, त्यातले दोन खर्ची पडले. डोकं शाबूत आहे, हात तेवढा कापतो, म्हणून अक्षर वाकडं आलं तरी इच्छा सरळ समजावी. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणू शकणारी माणसं माझ्याआधीच गेली.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या पुतणीला. अट एकच: माझा मित्र, ज्याला सगळे पाहुणा म्हणतात, तो हयात असेपर्यंत मागच्या खोलीत राहील. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आईबरोबर एक फोटो फ्रेम करायला आला आणि बसला तो बसलाच. त्याची समज कमी आहे, असं डॉक्टरांनी कोर्टाला लिहून दिलं. असेल. पण काचेची एक कपची त्याच्या झाडूतून कधी सुटली नाही.

२. काच कापायची हिरकणी, मोजपट्ट्या, करवती पुतणीलाच. झाडू, बादली आणि चहाची किटली पाहुण्याला. त्यांना इतर कोणी हात लावू नये.

किटलीचं कारण सांगतो. वडिलांचा नियम होता: काच फुटली की फोडणाऱ्याने लगेच "मी फोडली" म्हणायचं. ओरडा नाही. उलट त्याला खुर्चीत बसवून चहा द्यायचा, कारण थरथरत्या हाताने पुन्हा काच धरायची नाही. पाहुण्याला हा नियम फार आवडला. पुढे कोणाच्याही हातून फुटो, सगळे गप्प झाले की हाच हात वर करी, "मी!" आम्ही हसायचो आणि चहा टाकायचो. काय दिवस होते ते! दारातून आत आलेलं दुपारचं ऊन, लाकडाच्या भुशाचा वास आणि खुर्चीत ऐटीत बसलेला पाहुणा. एकदा गिऱ्हाइकाचा मोठा आरसा माझ्या हातून फुटला. तेव्हाही तोच "मी" म्हणाला आणि मी वडिलांसमोर गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

३. फुटक्या आरशाचा उरलेला तुकडा थोरल्या भावाला. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी शेजारच्या रस्त्यावर घड्याळांच्या दुकानाची काच फोडून चोरी झाली. पाहुणा बादली घेऊन तिथल्या काचा गोळा करत होता. फौजदाराने विचारलं, "काच कोणी फोडली?"

"मी!"

चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. जाऊ दे त्याला आत, तुझ्या डोक्याचा ताप तरी जाईल." त्यांनी रोज सकाळी या आरशात शहाणं तोंड बघावं.

४. सोनेरी नक्षीची फ्रेम पाहुण्याची बाजू लढवणाऱ्या वकीलबाईंना. दोन वर्षं प्रत्येक तारखेला मी पाहुण्याला दिसेन असा बसलो. आरशाची गोष्ट शपथेवर सांगितली. सरकारी वकिलांनी ती थट्टेवारी नेली. मग वकीलबाई पाहुण्याकडे वळल्या. "त्या खिडकीची काच तडकलीय ना, ती कोणी फोडली?"

"मी!" म्हणाला आणि चहासाठी शिपायाकडे बघू लागला.

न्यायाधीश म्हणाले, "अहो, मी इथे आलो तेव्हापासून ती तशीच आहे." कोणी हसलं नाही. पुढच्या तारखेला पाहुणा सुटला. ती काच आम्हीच बदलून दिली. जुनी त्यानेच उचलली.

५. शेवटचं, आणि हेच महत्त्वाचं. महिन्यापूर्वी मी जिन्यात चक्कर येऊन पडलो. माणसं धावली, सगळे गप्प झाले आणि पाहुण्याने हात वर केला, "मी!" मी गेल्यावरही घरात तसेच सगळे गप्प होतील. पोरी, तेव्हा आधी त्याच्याकडे जा. त्याला खुर्चीत बसव, चहा दे आणि "तू नाही रे" असं सांग. एकदा सांगून त्याला पटत नाही. तो स्वतःच्या तोंडाने "मी नाही" म्हणेपर्यंत मला उचलू नका.

वरील मजकूर मी वाचून, पाहुण्यालाही वाचून दाखवून सही केली. त्यालाही सही करायची होती, पण ज्याला वाटा मिळतो तो साक्षीदार नको, म्हणून त्याने कागद उडू नये असा धरून ठेवला.

सही : फ्रेमवाला
साक्षीदार : १. समोरचा न्हावी २. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई
स्थळ : दुकानातलं पुढचं टेबल
दिनांक : ९ मार्च, चहाच्या वेळी