तुझ्या काजांची लाल गाठ

माझी माय तानाबाई हिला प्रसेनजितचा जयभीम,

मी खुशाल आहे. पदवी नसलेला माणूस विद्यापीठात फॅशन शिकवतो, ही कुजबुज आता बंद झाली आहे.

सिनेमासाठी मी शिवलेल्या कोटावर स्वतःचं नाव लावून, "तू शिंपीच राहशील," म्हणणाऱ्या बाई काल इथं नोकरीच्या मुलाखतीला आल्या. नमुना म्हणून तोच कोट. तपासायला मी बसलेलो; त्यांनी मला ओळखलं नाही.

मी कोट उलटा केला. तू गावी बसून केलेल्या सातही काजांच्या शेवटी तुझी लाल गाठ होती.

"ही गाठ कशाला?" मी विचारलं.

"माझी खूण आहे."

मी सुई-दोरा पुढे सरकवला. "मग एक काज करून दाखवा."

त्यांना पहिला टाकाही जमला नाही. कोट टाकून निघून गेल्या.

तू म्हणशील, "काऊन एवढा राग धरून राह्यला?" बारा वर्षं धरला, माय. सोडायचा नव्हताच.

डोळ्याच्या ऑपरेशनला बुलढाण्याला कधी जाणार? मंजुश्रीताईला मला कळवायला सांग. तोवर सुई हाती घेऊ नको.

कोट माझ्या वर्गात उलटा टांगला आहे. खाली पाटी आहे: "काजं: तानाबाई, वरवट बकाल." त्या पाटीचा फोटो त्या बाईंना पाठवला.

तुझा,
प्रसेनजित