पळपुटं बिस्मथ

रत्नागिरी,
दि. १८ नोव्हेंबर १९८४

जावईबापू रावजीराव यांस,

सासऱ्याचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही घ्यावेत. (वयाने आपण लहान, पण जावई; आपल्या सासूबाई गुणवंती यांच्या मते नुसता आशीर्वाद कमी पडतो.) इकडे सगळे खुशाल. आपला खोकला आणि कमळाची कंबर कशी आहे ते कळवावे.

आपलं चार पानी पत्र पोचलं. आपण दिलेल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गणपतीपासून तिसऱ्यांदा गळाला अशी मी तक्रार केली, तर आपण उलट लिहिलंत की तो गळण्यासाठीच असतो! म्हणे त्यात बिस्मथ आणि कथलाचा मिश्रधातू भरलेला असतो, पाणी आटून भांडं भलतं तापलं की तो आधी वितळतो आणि वाफेला वाट देतो. मोठ्या इमारतींत आग विझवायला छतातून पाण्याचे फवारे सुटतात, तिथेही असलाच धातू. पोटाच्या औषधातसुद्धा बिस्मथ! आपण धातूच्या कारखान्यात केमिस्ट, आपला मान राखून सांगतो, हे मला मान्य नाही. बत्तीस वर्षं मी बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त केली. अँटिमनीबद्दल मला आदर आहे. मऊ शिशात ते मिसळलं की बॅटरीच्या प्लेटी ताठ राहतात. टंगस्टनला तर हात जोडतो. बल्बमध्ये पांढरंफेक तापतं, पण जागा सोडत नाही. आणि हे आपलं बिस्मथ! ऐन वेळी पळ काढणाऱ्याला मी माझ्या वर्कशॉपात एक दिवस ठेवला नसता.

म्हणून मी लेथवर पितळेचा बोल्ट कातला आणि व्हॉल्व्हच्या भोकात पाना लावून आवळला. चार दिवस बिनतक्रार गेले. गेल्या रविवारी गुणवंतीने उकड्या तांदळाचा भात लावला (त्याला फेस किती येतो ते मुंबईकरांना सांगून कळायचं नाही) आणि एक शीत शिट्टीच्या नळीत अडकलं. शिट्टी होईना. चूल धडधडून पेटलेली. झाकणाच्या कडेने सूं सूं सुरू झालं आणि कुकर जागच्या जागी थरथरू लागला. शेजारची तुळसा पीठ मागायला आली होती, ती पीठ न घेताच गेली. मी अंगणातल्या फणसाखालून परिस्थितीचं निरीक्षण केलं. (यंत्राची परीक्षा लांबूनच करतात.) तेवढ्यात कोणीतरी चुलीतली लाकडं ओढून काढली, पाऊण तासाने कुकर निवला, आणि माझा बोल्ट? तसूभर हलला नव्हता!

तरीही गुणवंतीचा संप सुरू आहे. "आदी तो बोलट काडा, मंग चूल पेटंल," एवढंच म्हणते. आठ दिवस आम्ही तुळसाच्या भाकऱ्यांवर आहोत. मी बधलेलो नाही, बधणारही नाही. आपण कमळाकरवी तिच्या आईला दोन शब्द सांगावेत, माझ्या बाजूने.

आपला, ताठ मानेचा,
भिवा

ता. क. पत्र लिहून झाल्यावर बोल्ट काढला. भिऊन नव्हे, गंजलाय का ते पाहायला. (पितळ गंजत नाही हे मला ठाऊक आहे.) आता भोक मोकळंच आहे, तर सहा व्हॉल्व्ह धाडावेत. बिस्मथचेच.

ता. क. दुसरा. वर "कोणीतरी" लिहिलंय, ती गुणवंती. मी पळालो आणि ती आत गेली. तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजलाय; चूल बंद आहे ती त्यामुळे, संप वगैरे काही नाही. रोज मलम मी लावतो, पण ती माझ्याकडे बघत नाही. कुकर फुटला असता तर मी काय केलं असतं, जावईबापू? फार भ्यालो हो. हे कमळाला वाचून दाखवू नये.

ता. क. तिसरा. पार्सलवर नाव गुणवंतीचं घालावं. हात बरा झाला की व्हॉल्व्ह तीच बसवणार, असं तिने ठरवलंय. बत्तीस वर्षांचा फिटर तिच्या शेजारी पाना धरून उभा राहील, आणि या खेपेला चुलीपाशी.