साडेपाचची स्कूटर

ता. ४ मार्च

चि. नकटीस आजीचा आशीर्वाद, आणि महिनाभर पत्र नाही म्हणून एक चापटही.

मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांना कुरकुरू देते. तुझ्या बापाची स्कूटर विकत घ्यायला दवाखान्यातला कंपाउंडर शनिवारी येतोय. बाप होडीसकट समुद्रात गेला तो सापडलाच नाही, त्याला तीन वर्षं झाली. गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि तुझ्याकडे यायचं, हे आपलं ठरलेलंच आहे.

पण गिऱ्हाइकासाठी नवी बॅटरी बसवली तेव्हापासून गाडीचं काहीतरी बिनसलंय. तू गाड्यांची डॉक्टरीण, तूच सांग. रोज संध्याकाळी साडेपाचला हँडलखालची निळ्या दिव्याची कडी आपोआप पेटते. खट्‌कन कुलूप सुटतं. मग मागचं शॉकअप दोन बोटं दबतं, कुणी टांग टाकून बसावं तसं. घटकाभराने सगळं विझतं. शेजारीण म्हणाली, मांजर असेल. मी म्हटलं, दोन बोटं दाबतं ते मांजर नाही, म्हैस आहे.

वेळेवर जेव. बाकी माया आहे तशीच.

तुझी आजी

ता. ८ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वर्कशॉपमध्येच वाचलं आणि पाना बाजूला ठेवून लगेच लिहायला बसले. आजी, ती गाडी किल्ली फिरवून चालू होत नाही. किल्ली खिशात घेऊन माणूस चार हातांवर आला, तरच ती कडी पेटते. किल्ल्या दोनच. एक माझ्या कपाटात आहे. दुसरी त्या दिवशी बाबांच्या खिशात होती.

आणि ऐक, त्या किल्लीतला सेल फार तर दोन वर्षं चालतो. आता तीन झाली. म्हणजे कुणीतरी नवा सेल घातलाय. मेलेला माणूस सेल बदलत नाही! बाबा जिवंत आहेत, घरापर्यंत येतात आणि तुझ्या जिभेला भिऊन परत जातात. साडेपाच ही त्यांची होडीवर निघायची वेळ. गाडी विकू नकोस. मी रजा टाकतेय.

लोभ आहेच, उत्तराची थोडी घाईही कर.

तुझी नकटी

ता. १३ मार्च

चि. नकटीस आशीर्वाद.

रजा टाकू नकोस. कंपाउंडरला मी दारातूनच परत पाठवलं. काल साडेपाचला गाडीपाशी जाऊन उभी राहिले. कडी पेटली, शॉकअप दबलं. समोर कुणी नव्हतं. मी म्हटलं, गाढवा, माझ्या जिभेला भीत असशील तर आज मी गप्प बसते. पण पोरगी तिकडे वाट बघतेय, तिला काय कळवू ते सांग.

मग मीच पदर खोचला आणि मागे चढून बसले. माझ्या भाराने गाडी आणखी बोटभर खाली गेली. पुढची सीट माणसाएवढी दबलेली होती, हे मी डोळ्यांनी बघितलं. मी त्याच्या कमरेला मिठी घातली.

माझे हात पुढे जाऊन एकमेकांनाच भेटले.

सेल कुणी बदलला ते मला विचारू नकोस, मी शिकलेली नाही. पण जिवंत लेक हाताला लागतो की नाही, एवढं आईला कळतं. तेव्हा पोरी, रडायचं ते आजच रडून घे आणि वाट बघणं सोड. गाडी इथेच राहील, त्याला बसायला. मी सोमवारी निघते.

स्टेशनवर ये. मिठी मारली की हाताला लागेल असं कुणीतरी मला आता हवंय.

आजी