मन्या सुट्टी मागतो

४ नोव्हेंबर

नोकरी लागली एकदाची! कोलशेतला खाडीच्या बाजूला हितेशशेठ परदेशी पोपटांची पैदास करून विकतात. पक्ष्यांच्या घशातला आणि विष्ठेचा नमुना कापसाच्या काडीवर घ्यायचा, पोपटतापाचे जिवाणू आहेत का ते तपासायचं आणि अहवालावर सही करायची, हे माझं काम. हा ताप माणसालाही होतो, फुप्फुसं धरतो. वेळेत ओळखला तर बरा होतो. पिंजरे धुणाऱ्या शेवंतीमावशींनी आल्याआल्या फक्कड चहा दिला. इथला मन्या नावाचा राखाडी पोपट मुलीच्या आवाजात खोकतो आणि म्हणतो, शेठ, दोन दिवस सुट्टी द्या ना! सगळे पोट धरून हसतात. मीही हसले. आवाज माझ्याआधीच्या कल्पिताचा. ती नोकरी सोडून गावी गेली म्हणे.

१८ नोव्हेंबर

सगळे अहवाल स्वच्छ. स्वतःवरच खूश आहे. शेठ म्हणाले, खोकणारा पोपट गिऱ्हाईक घेत नाही, तुम्हीच न्या तुमच्या मुलीसाठी. मीच तपासलेला पक्षी, भीती कसली? कोपरला घरी आणला तर श्रिया नाचायचीच बाकी. शाळेतून आल्यावर एकटी कंटाळायची, आता सोबत झाली.

२ डिसेंबर

ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. डॉक्टरांनी विचारलं, घरात पक्षी आहे का? मी ऐटीत माझ्याच सहीचा अहवाल पुढे केला. त्यांनी साध्या तापाची औषधं दिली. श्रियाला मात्र दम भरलाय, तुला साधी शिंक आली तरी मन्या परत जाईल.

९ डिसेंबर

औषधाचा काडीचा गुण नाही. मन्याने माझा खोकला उचललाय, हुबेहूब. आतल्या खोलीतून ऐकलं की माझी मीच दचकते. श्रियाला गंमत वाटते.

११ डिसेंबर

शेवंतीमावशी आज सहज बोलून गेल्या. नमुने घ्यायचे असले की आधी आठवडाभर पक्ष्यांच्या पाण्यात औषधाची पिवळी पूड टाकतात. शेठची पद्धतच आहे. म्हणजे जिवाणू मरत नाहीत, दबून बसतात, काडीवर येत नाहीत. आणि मी शहाणी सह्या करत बसले! शेठला विचारलं तर म्हणाले, सगळेच करतात हो मॅडम. मग कल्पिताचं विचारलं. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. गावी गेली ती न्यूमोनिया घेऊनच, आणि तिथेच वारली. सुट्टी मागत होती, शेठने दिली नाही. हरामखोर माणूस. आणि आम्ही हसत होतो.

१२ डिसेंबर

डॉक्टरांना सगळं सांगितलं. योग्य औषध मिळालं. मी वाचेन. मुलगी खोकते का, विचारलं. नाही म्हटलं. माझ्यासमोर तर एकदाही— मन्या उद्याच परत जाणार. श्रिया रडून झोपलीये.

संध्याकाळी

मन्या खोकला. माझा नव्हे. कल्पिताचाही नव्हे— बारीक. उशीत तोंड खुपसल्यासारखा.

मग श्रियाच्या आवाजात— आईला सांगू नकोस हं, मन्या.

पुन्हा तेच. पुन्हा—

किती दिवस दाबून ठेवलं हिने? माझ्या धाकाने—

अंग भाजतंय तिचं. मी हाक मारतेय. ओ मन्याच देतोय, तिच्या आवाजात. ती मात्र—

श्रिया, ऊठ ना गं, नाही पाठवत मन्याला, फक्त एकदा—