पाठीखालची थंडी

अहो मुक्ताचे आजोबा,

ओळखलंत का? की तिकडे जाऊन मलाही विसरलात? तुमचा काही नेम नाही! घाटकोपरच्या मार्केटात मला कांद्यांपाशी उभी करून एकटेच घरी आला होतात आणि वर सुनेला विचारलंत, "ही कुठे गेली गं?" ती 'ही' म्हणजे मी. पटली ओळख? मग नीट बसा आणि ऐका.

लिहायला मुक्ता बसलीय. मला अक्षर येत नाही, एवढं तरी तुमच्या लक्षात असेल. मी सांगते, ती लिहिते. मधेच हसते आणि तिला नको ते गाळते, म्हणून प्रत्येक ओळ परत वाचून घेतेय.

आजच का? तर उद्या ही पोरगी तुमच्या डोंगरांत चाललीय. तुम्ही बसने यात्रेला गेलात ना, त्याच बाजूला, पलीकडच्या दरीत. तंबूत झोपणार म्हणे. हौसेने! घरात चांगला पलंग असताना! मी नको नको म्हणून थकले. "आजी, तिकीट काढलंय यार," म्हणते. आजीला यार! त्या डोंगराने एक माणूस मला खोकत परत दिला. हिला कशी परत देईल?

गोधडी आठवते? माझ्या हिरव्या लुगड्याची, आतून तुमच्या जुन्या धोतरांचे थर? यात्रेच्या बॅगेत मी ती स्वतः तळाशी भरली होती. तुमची बस सुटल्यावर केर काढायला वाकले, तर पलंगाखाली! घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि तिच्या जागी बॅगेत काय गेलं? लसणीच्या शेवेचे पुडे. बसमधल्या लोकांना वाटायला! बायकोला न विचारता एवढा दानधर्म?

परत आलात ते सोफ्यावर बसून हसत सांगत होतात, "वरून तीन रजया घेतल्या, तरी पाठ नुसती बर्फ!" आम्हीही हसलो. मग ताप चढला, छाती भरली. गिरणीतल्या कापसाने ती आधीच अर्धी केली होती. त्या दिवाळीला कंदील लावायला तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून माझा राग आहे. गोधडी नेली असतीत तर आज इथे बसून मला चहा मागत असतात, हे मी मनात पक्कं करून ठेवलं. पितृपक्षात तुमच्या पानावर वडे वाढते, खीर वाढते, काळ्या वाटाण्याची उसळसुद्धा. शेव नाही. सून म्हणते, "आई, बाबांना आवडायची, चिमूटभर ठेवूया ना." मी म्हणते, अजिबात नको. मग कावळा गच्चीच्या कठड्यावर बसतो, मान वाकडी करून पानाकडे बघतो, उडतो, परत येतो. तो काय शोधतोय ते मला कळत नाही का? पण तुम्ही हट्टी, तर मी कोण?

परवा मुक्ताने जमिनीवर सगळा पसारा मांडला. मी गोधडी आणून तिच्या बॅगेवर ठेवली. "ही न्यायची, नाहीतर जायचं नाही."

तिने उचलून बघितली. "आजी, दगड आहे हा! आणि सुती आहे गं. तंबूला आतून पाणी सुटतं, सकाळी थेंब पडतात. सुती कापड भिजलं की तिथे वाळायचं नाव घेत नाही. ओल्या गोधडीत माणूस आणखी गारठतो."

"उगाच काहीतरी बोलू नको."

"बरं, मग तूच झोपून बघ." असं म्हणून तिने सुनेच्या खोलीतला एसी वाढवला, फरशीवर ती पिसांची झोपायची पिशवी पसरली आणि मला आत घातलं. हसू नका! वरपर्यंत चेन ओढली. मी आत सुरमईसारखी आडवी. पोटावर घाम. आणि थोड्या वेळाने, गो बाय माझे, पाठ गार पडायला लागली. लादीची थंडी सरळ हाडात.

"मुक्ता, पाठ गं!"

"तेच तर! वरची पिसं फुगतात म्हणून ऊब धरतात. खालची तुझ्या वजनाने चेपली. थंडी जमिनीतून येते, आजी. वरून कितीही घाल, खाली काही नसलं तर वाट लागते." तिने माझ्याखाली एक फोमची मॅट सरकवली, तिच्यावर एक हवा भरलेली. आणि पाठीला हळूहळू ऊब आली.

मी तिथेच पडल्या पडल्या रडायला लागले. चेन अडकलेली, हात आत, डोळे पुसायची सोय नाही. पोरगी घाबरली. "आजी, गुदमरतंय का?" नाही गो. यांचं बोलणं आठवलं. वरून तीन रजया, तरी पाठ बर्फ. तुम्ही सगळं सांगितलं होतंत! आम्हाला ते कळलंच नाही.

मी तिला विचारलं, खरं सांग, यांनी गोधडी नेली असती तर? ती म्हणाली, "खाली अंथरली असती तर थोडी मदत झाली असती. पण आजोबांनी अंगावर घेतली असती ना." घेतलीच असतीत. इथल्या माणसाला थंडी वाजली की तो वरून पांघरतो, खाली बघतो कोण?

मग मी इतकी वर्षं कशावरून भांडले? राग गेल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तर रिकामं वाटतंय. राग होता तोवर रोज दोन शब्द तरी तुमच्याशी होत होते.

उरलीय ती भीती. ती मी हिच्यावर काढली. त्या पिशवीवर एक आकडा असतो, त्याच्या पुढे आडवी रेघ, म्हणजे पाण्याचा बर्फ होतो त्याच्याही खाली. मुक्ता म्हणाली, हा आकडा तग धरण्याचा, सुखाने झोप लागण्याचा वेगळा असतो. म्हटलं, मी तुला तग धरायला पाठवतेय का? आत्ताच्या आत्ता परत कर. गेली गुपचूप आणि दुकानातून जाड पिशवी बदलून आणली. झोपायचे कोरडे लोकरी कपडे वेगळे बांधलेत, दिवसाचे घामट घालून आत शिरायचं नाही. गोधडीचा फक्त हिरवा कोपरा उसवून त्याची खोळ करून दिली, त्यात जाकीट कोंबून उशी करणार.

आणि ऐका! झोपण्याआधी तेलातुपाचं काहीतरी खायचं, म्हणजे अंग आतून तापतं, असं हीच म्हणते. मी दचकले. "म्हणजे, शेव?" तर म्हणाली, "शेवपण चालेल." झालं! मेल्यावरसुद्धा तुम्हीच बरोबर! मिशीत हसू नका. सगळी वाटून टाकलीत ती! एक पुडा स्वतःला नको होता ठेवायला?

तुमची तिथी येईल तेव्हा मुक्ता वर डोंगरात असेल. वचन देते, या वर्षी इथल्या पानावर शेव असेल, माझ्या हाताने वाढलेली, चिमूटभर नाही, मूठभर. तुम्ही फक्त तिच्याजवळ बसा. उशाशी नको, पाठीमागे बसा, जमिनीच्या बाजूला. आणि विसरलात तर बघा!

तुमची,
कांद्यांपाशी अजून उभी असलेली
मुक्ताची आजी
(अंगठा)

आता हे तुझ्यासाठी, मुक्ता. गाळू नको, लिही. शेवेचा एक पुडा बॅगेत अगदी वर ठेव. रोज झोपताना मूठभर खा. तिथीच्या दिवशी थोडी एका दगडावर ठेव. कावळा नसला तर जो पक्षी येईल त्याच्यासोबत पाठव. जाड, लसणीचीच. बारीक पाठवलीस तर म्हणतील, हिचा राग अजून गेला नाही.