दाराजवळचा वाफा

१२ जून, दुपार

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि माती भरायचे डबे पोचले. आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्या जोडीला बाबाही.

पॉलिहाऊसचं काही खरं नाही. टोमॅटोची रोपं दुपारी माना टाकतात. उपटून बघावं तर मुळांना गाठीच गाठी. सूत्रकृमींनी यंदा उच्छाद मांडलाय. हिरवा आहे तो फक्त दाराजवळचा वाफा. तू लिहितेस, त्या मातीत जिवाणू आहेत, ते कृमीच्या अंगाला चिकटतात, मग कृमी जगतो पण त्याला अंडी होत नाहीत. इतकी वर्षं तिथं औषध पडलं नाही, कुदळ लागली नाही, दरवर्षी टोमॅटोच लावला, म्हणून ते वाढले. आता ती माती उकरून सगळ्या वाफ्यांत मिसळा म्हणतेस.

बाई गं, तुझा अभ्यास दांडगा. पण तिथं कुदळ का लागली नाही, हे तू लिहिलं नाहीस. चार पानांत दादाचा उल्लेखसुद्धा नाही.

मला तिथं पाठीमागून फवारणीच्या पंपाचा आवाज येतो. दांडा वरखाली केल्यासारखा. मी वळून बघत नाही, कारण बघितलं की थांबतो. बाबांना बोलले नाही. उगाच डॉक्टरकडे नेतील.

तुला नाहीच म्हणून कळवणार होते. पण परवा बाबा दुकानातून डबा घेऊन आले. तेच औषध, तेच लाल झाकण. म्हणाले, "या खेपेला तोंडाला फडकं बांधतो." दादानंही बांधलं होतं गं. त्या वाफ्यात पालथा सापडला तेव्हा फडकं तोंडावरच होतं.

मी डबा काढून घेतला आणि त्यांच्या हातात कुदळ दिली. ते तसेच कडेला बसून राहिले. मग मीच उकरलं. मुळं पांढरीशुभ्र निघाली, एक गाठ नाही. रडत रडत घमेली वाहिली आणि सगळीकडे माती मिसळली. तुझेही डबे भरलेत, सोबत पाठवते. नीट ठेव.

आता आत सगळे वाफे सारखेच दिसतात. तो कुठं पडला होता, ते मलाही दाखवता यायचं नाही. रजा मिळाली तर ये.

तुझी आणि त्याची,
आई